भाऊंच्या होडीचं चाक

जळगावात राहणाऱ्या माणसाकडे शिडाची होडी आहे असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या डोळ्यांत बघतो, मग माझ्या बायकोकडे. आमच्याकडे लोकांजवळ काय काय असतं. केळीच्या बागा असतात, डाळमिल असते, लग्नात मान वाकेल इतकं सोनं असतं. समुद्र मात्र नाही, आणि तो नसल्याचं कुणाला दुःखही नाही.

माझ्या थोरल्या भावाला होतं. भाऊ तरुणपणी नौदलात होते. तिथली नोकरी पुरी करून गावी परतले, एका डाळमिलमध्ये यंत्रांच्या देखरेखीला लागले, आणि काही वर्षांनी किनाऱ्यावरच्या कुणाची तरी म्हातारी शिडाची होडी घेऊन मोकळे झाले. मुंबईला केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ती आली, सुकलेल्या केळीच्या पानांवर निजून. आमच्या गल्लीत ट्रक थांबला तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "एवढी मोठी परात कुणाच्या लग्नाची?"

तेव्हापासून ती होडी जळगावहून तासाभरावर असलेल्या एका धरणावर आहे. धरणाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे आधीच रविवारी वांग्याच्या भरताच्या पार्ट्यांना जागा पुरत नाही. भाऊ दर रविवारी जायचे, शीड चढवायचे आणि संध्याकाळी उन्हाने रापून, एक शब्द न बोलता, अत्यंत आनंदात घरी यायचे. मी काठावर भरताच्या बाजूला असायचो. मला पोहता येत नाही. पाण्यात मला एकच गोष्ट जमते, आणि ती एकदाच करता येते.

मग दिवाळीत भाऊंना अर्धांगाचा झटका आला. देवाने थोडक्यात सोडलं. बोलणं जरा संथ झालं, पाय सुधारला, पण उजवा हात आला तो अर्धाच आला. होडी वळवायला मागे सुकाणूचा लांब दांडा असतो. वारा भरला की तो दांडा हट्टी म्हशीसारखा ओढतो. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने शिडाचा दोर, असा तो दोन हातांचा धंदा. भाऊंकडे आता दीड हात होता.

वहिनींनी निर्णय घेतला, होडी द्यायची. गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं. सोनगीरजवळ हायवेला हॉटेल चालवणारे एक आबा होते. त्यांना होडी हॉटेलच्या अंगणात, कारंज्याच्या शेजारी ठेवायची होती. ते घरी आले, चहा घेतला आणि भाऊंच्या समोरच सगळं चित्र रंगवून सांगितलं.

"वहिनी, नाव मना अंगणमा ठेवसू. वरथीन लाइटिंग. पोरे बठ्ठा तठे बसीसन पावभाजी खातीन."

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा डावा हात उजव्या हातावर होता. होडीत बसून पोरं पावभाजी खाणार, हे ऐकताना नौदलातला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, दांड्याच्या जागी चाक बसवलं तर?"

मी हौशी नाटकातला माणूस. समोरच्याचा चेहरा पडला की वाक्य टाकायची सवय. पण नाटकात वाक्य टाकलं की दुसरा ते उचलतो, पुढची जबाबदारी त्याची. इथे खोलीतले तिघंही माझ्याकडे बघत राहिले.

"चाक म्हणजे?" वहिनी म्हणाल्या.

"मोटारीसारखं. एका हाताने फिरतं. दोर मी धरीन."

"तुम्ही? होडीत?"

"हो."

"भाऊजी, तुम्ही बादलीत पाय घालताना नळ धरता."

हे खरं होतं. पण भाऊंनी खिडकीवरून नजर काढली होती. वहिनींनी ते पाहिलं आणि अट सांगितली. "चाक बसवा. पहिल्या फेरीला मी होडीत असणार. मला एकदा जरी वाटलं की यांना जमत नाही, तर होडी त्याच दिवशी सोनगीरला. आबांनी त्या दिवशी टेम्पो घेऊन काठावर यावं."

आबा म्हणाले, "मी येस ना, वहिनी. टेम्पो मना घरनाच शे."

त्या रात्री मी नळ न धरता बादलीत पाय घालून पाहिला.

कामाला माणूस भाऊंनी सुचवला. त्यांच्या डाळमिलमध्ये जन्मभर फिटर असलेले एक चाचा आता धुळ्याला मुलाच्या वर्कशॉपमध्ये बसत होते. आम्ही दोघं गाडी घेऊन पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. चाचांनी भाऊंचा हात पाहिला, खुर्ची पुढे सरकवली आणि पोराला ओरडून चहा मागवला.

"साहब, चक्का लगाना है ना? लगेगा. डाळीची चाळणी असो की विमान असो, फिरणारी चीज म्हणजे फिरणारी चीज. इकडे घुमवलं की तिकडे हललं पाहिजे. बाकी सब कंपनीवाल्यांची नाटकं."

"चाचा, होडी आहे," मी म्हणालो. "माणसं बसणार आहेत."

"छोटे साहब, डाळमिलमधे पण माणसंच होती."

मी कप खाली ठेवून होडीची मापं सांगायला लागलो.

चाक आम्ही धुळ्याच्या भंगार बाजारातून आणलं, एका निवृत्त ट्रॅक्टरचं स्टिअरिंग. त्याच्या कडेवर लाकडी लट्टू होता, मुठीत धरून एका हाताने गरगर फिरवायचा. भाऊंनी दुकानातच लट्टू डाव्या मुठीत धरला आणि चाक हवेत फिरवून पाहिलं. झटक्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा लबाडी पाहिली. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्याच क्षणी भीती वाटली. आता जर हे जमलं नाही, तर या माणसाच्या हातून होडी दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला कारण मी असणार.

चाकाला खांब हवा होता. मी ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा व्यापारी. खांब माझ्या गोदामातून आला, दंडाएवढ्या जाडीचा पाइप, आत लोखंडी पट्ट्या भरून. चाचांनी तो होडीच्या मागच्या भागात उभा केला. त्याच्यावर चाक, चाकाच्या मागे गोल रीळ, रिळाला तारा, तारा फळ्यांच्या खालून कप्प्यांवरून मागे सुकाणूपर्यंत. सुकाणूचं पातं रंगवायला काढलेलं होतं, म्हणून तारा, ज्याला पातं बसतं त्या मागच्या अर्धचंद्राकृती पत्र्याला जोडून फळ्या ठोकल्या. चाचा चाक फिरवायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे, जणू आत कुणी गात होतं.

"मख्खन," ते म्हणायचे.

खांबाच्या माथ्यावर यंत्रं बसवायची होती. ती मी मागवली, कारण भीतीवर मला ठाऊक असलेला एकच उपाय म्हणजे खरेदी. पहिलं होकायंत्र. ते भाऊंना हवं होतं. जुन्यातलं पाणी आटून त्याची सुई कायम भुसावळकडे बघत असायची.

वहिनी म्हणाल्या, "उत्तर कशाला लागते? धरणाला सगळीकडून काठच आहे. कुठल्याही काठाला लागलो तरी रिक्षा मिळते."

दुसरं वाऱ्याचं यंत्र. डोलकाठीच्या टोकावर तीन छोट्या वाट्या फिरणार आणि खाली आकडा येणार. तिसरं माझ्या जिव्हाळ्याचं, होडीखाली पाणी किती खोल आहे ते दाखवणारं. उन्हाळ्यात धरण उतरतं आणि मधेमधे गाळाचे उंचवटे पाण्याखाली दडून बसतात. ठरवलेल्यापेक्षा पाणी कमी झालं की ते यंत्र ओरडतं. किती फुटांवर ओरडायचं ते आपण ठरवायचं. मी ते इतकं सावध करून ठेवलं की पहिल्यांदा वीज जोडली तेव्हा ते होडी जमिनीवर असतानाच ओरडलं.

भाऊ म्हणाले, "हे... तुझ्यासारखंच... आहे."

रंगवलेलं पातं सगळ्यात शेवटी चढलं. चाचांनी नट आवळला, हात पुसले आणि म्हणाले, चला, आता एकदा घुमवून बघू. पण त्याआधी वहिनी ताट घेऊन पुढे झाल्या.

आमच्या घरातली एक रीत इथे सांगावी लागेल. नवं यंत्र आलं की त्याची पूजा होते, त्याला लाल दोरा बांधतात, आणि मुहूर्ताच्या दिवसापर्यंत ते कुणी चालवत नाही. पंखा असो, पिठाची गिरणी असो. एकदा भर उन्हाळ्यात फ्रिज आला, दोरा बांधला गेला, आणि मुहूर्त लागेपर्यंत आम्ही पूजलेल्या फ्रिजशेजारी बसून माठातलं पाणी प्यायलो. वहिनींनी चाकाला कुंकू लावलं, लट्टूभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारली.

"आता आखाजीला," त्या म्हणाल्या.

"भाभी, एकदा फक्त इकडून तिकडे..." चाचा म्हणाले.

"दोरा बांधला, चाचा."

चाचा डाळमिलमधले. प्रत्येक दसऱ्याला मिलमधल्या यंत्रांना दोरे बांधलेले त्यांनी पाहिले होते, आणि बांधलेल्या दोऱ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते मागे सरकले. भाऊंनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. अशा रीतीने तीन शहाणी माणसं आणि एक मी, यांच्यापैकी कुणीही पातं चढवल्यावर चाक फिरवून पाहिलं नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात दुसरी दिवाळी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घराघरांतून पुरणाचा वास. त्या दिवशी माझ्या ताटात आमरस होता आणि मी तो चमच्याने इकडून तिकडे करत होतो. बायकोने विचारलं, आवडला नाही का. मी म्हणालो, खोली मोजतोय.

ऊन कलल्यावर आम्ही धरणावर पोचलो. चाचा धुळ्याहून आधीच येऊन बाभळीखाली बसले होते, नव्या टोपीत. आबाही आले होते. टेम्पो त्यांनी अगदी पाण्याला लावून ठेवला होता, मागचं फळकूट पाडून. ते उघडं फळकूट दिसू नये म्हणून मी टेम्पोकडे पाठ करून उभा राहिलो.

वहिनींनी दोरा सोडला. आम्ही तिघांनी फुगीर जाकिटं चढवली. भाऊ चाकामागे उभे राहिले, मी दोर घेऊन त्यांच्या पुढे, आणि वहिनी आमच्याकडे तोंड करून मधल्या फळीवर. त्यांना पाणी बघायचं नव्हतं. त्यांना भाऊंचा हात बघायचा होता.

चाचांनी ढकललं. शिडात वारा भरला. वाऱ्याच्या वाट्या फिरू लागल्या, होकायंत्र डुललं, खोलीचं यंत्र थोडं ओरडून पाणी वाढल्यावर गप्प झालं. भाऊंनी लट्टू डाव्या मुठीत धरला होता. समोर पाण्यातून वर आलेलं एक वाळकं झाड होतं. ते त्यांनी वळसा घालून मागे टाकलं. मग दुसरं. होडी लांब, गोल वळण घेऊन खुल्या पाण्यात आली आणि किंचित कलून धावायला लागली. भाऊंचा अर्धा हात त्यांच्या अंगाशी स्वस्थ होता. मी वहिनींकडे पाहिलं. जप करत हलणारे त्यांचे ओठ थांबले होते.

मला नाचावंसं वाटलं. जागा नव्हती.

अनर्थ माझ्या दोरापासून सुरू झाला. तो कप्पीत अडकला. मी ओढला, तो अजून अडकला. भाऊ म्हणाले, "थांब... तोडशील." आणि मला म्हणाले, "चाक धर. सरळ ठेव." ते पुढे सरकून दोराशी बसले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका होडीचा चालक झालो.

सरळ ठेवणं मला जमलं. मग होडी थोडी डावीकडे ओढायला लागली. डावीकडे पाण्याचा रंग वेगळा होता, चहासारखा. यंत्राने एकदा ओरडून पाहिलं. गाळ. मी चाक उजवीकडे फिरवलं.

होडी डावीकडे वळली.

मी अजून उजवीकडे फिरवलं. होडी अजून डावीकडे. यंत्र आता थांबतच नव्हतं. पडद्यावरचा आकडा बघता बघता उतरत होता आणि मी ट्रॅक्टरच्या चाकावर पूर्ण अंगाने उजवीकडे लोंबकळत होतो.

"उजवीकडे घे," भाऊ म्हणाले.

"उजवीकडेच घेतोय."

"अरे, उजवीकडे."

"भाऊ, याच्या पलीकडे उजवीकडे काही शिल्लक नाही."

वहिनी म्हणाल्या, "देवा, देवा, देवा." तळाला काहीतरी मऊ घासलं, बैलाने पाठ घासावी तसं, आणि होडी मंदावली. त्या क्षणी मला पाणी दिसलं नाही. मला टेम्पोचं फळकूट दिसलं, आणि होडीत बसलेली सोनगीरची पोरं, बोटं चाटत.

भाऊ दोर सोडून फळीला धरत मागे आले. मला खांद्याने बाजूला केलं, लट्टू पकडला आणि चाक फिरवलं. होडी क्षणभर अडखळली, मग उजवीकडे तोंड वळवून चहातून बाहेर आली. यंत्र गप्प झालं.

"साधं... उजवीकडे... घ्यायचं होतं," भाऊ म्हणाले.

"मी उजवीकडेच घेत होतो. देवाशपथ."

"मग मी काय केलं?"

"ते मला काय माहीत. तुम्ही नौदलातले."

आम्ही दोघं वाद घालत असताना वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही डावीकडे फिरवलं."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी तुमच्या हाताकडेच बघत होते. चाक डावीकडे गेलं आणि होडी उजवीकडे. मघापासून तसंच चाललंय. मला वाटलं, होडीचं असंच असतं. माझी स्कूटी अशी नाही वळत."

खुल्या पाण्यात भाऊंनी मुद्दाम चाक डावीकडे फिरवलं. होडी उजवीकडे गेली. उजवीकडे फिरवलं, डावीकडे गेली. मग त्यांना हसू फुटलं, आवाज न करता, खांदे हलवत. सुकाणूच्या दांड्याची रीतच उलटी. दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते. भाऊंचा हात इतकी वर्षं तसाच चालला होता. हे चाकही उलटं बसलं होतं, म्हणून त्यांच्या हाताला ते आपलं वाटलं, काही चुकतंय हे त्यांना कळलंच नाही. होडीत एकच माणूस नीट चालवत होता आणि तो चुकीचं फिरवत होता.

काठावर आल्यावर भाऊंनी चाचांना फक्त विचारलं, "तारा... कशा घातल्या?"

"आडव्या," चाचा म्हणाले. "आठाच्या आकड्यात. साहब, मिलमधे पट्टा नेहमी आडवाच घातला आपण. सीधा पट्टा घसरतो, आडवा धरून ठेवतो." आणि बोलता बोलताच त्यांना कळलं. आडव्या पट्ट्याने पुढचं चाक उलटं फिरतं, हे डाळमिलच्या फिटरला काय सांगायचं. त्यांनी टोपी काढली. "या अल्ला. भाभी बसली होती नावमधे."

ते लगेच हत्यारांच्या पिशवीकडे निघाले. भाऊंनी त्यांना थांबवलं. "राहू द्या. मला... हेच बरं."

मी तर टाळी वाजवली. सगळं जमलं होतं. भाऊ एका हाताने होडी चालवत होते, सुंदर चालवत होते. भानगड झाली ती माझ्या धडधाकट दोन हातांमुळे. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा. मी वहिनींकडे वळलो. त्या होडीला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

आबा पुढे आले. "काय ठरनं मंग, वहिनी?"

वहिनींनी होडीवरचा हात काढला. मग आबांना नाही, भाऊंना म्हणाल्या, "तुम्हाला जमतं, ते मी पाहिलं. त्याची नाही मला भीती. तिथे मधोमध तुम्हाला परत काही झालं तर? भाऊजींचं बघितलं आपण. मी काय करायचं? तुम्हाला धरून बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं? दिवाळीपासून रोज हेच येतं माझ्या डोक्यात."

आबा अंगठ्याने तंबाखू मळायचे थांबले. मी तोंड उघडलं आणि, हे माझ्या आयुष्यात क्वचित होतं, मिटून घेतलं. ज्या प्रश्नाला मी महिनाभर चाक, खांब आणि यंत्रं लावत बसलो होतो, तो प्रश्न हा नव्हताच.

भाऊंनी होडीकडे पाहिलं. डाव्या हाताचा तळवा त्यांनी पँटीला पुसला.

"चाचा," ते म्हणाले, "तारा सरळ करा."

"पर साहब, आपल्या हाताला तर..."

"हिला स्कूटी येते," भाऊ म्हणाले. "हिच्या हाताला... कळेल असं पाहिजे. मी... शिकतो."

चाचांनी फळ्या तिथेच उघडल्या. अंधार पडेपर्यंत तारा सरळ झाल्या. वहिनींनी आबांना सांगितलं, "आबा, आखाजीच्या दिवशी तुम्हाला रिकामं पाठवायला बरं नाही वाटत. पण होडी नाही देत." आबांनी मान हलवली. वहिनींनी दिलेला सणाच्या सांजोऱ्यांचा डबा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

आता तुम्हाला वाटेल की माझी काळजी मिटली असेल. त्यानंतरचे रविवार सगळ्यात वाईट होते. नौदलातला माणूस नवशिक्या झाला. उजवीकडे जायचं असलं की भाऊंचा हात आपोआप डावीकडे जायचा, होडी भलतीकडे तोंड करायची, शीड फटकन पलटायचं आणि मी डोकं खाली घालून जाकिटाच्या पट्ट्या धरून बसायचो. वहिनी शेजारी उभ्या राहून सांगायच्या, "अहो, उजवीकडे. तुमच्या उजवीकडे. ज्या हाताने जेवायचात तिकडे." भाऊ चिडायचे, घाम पुसायचे, परत लट्टू धरायचे. नव्याने बोलायला शिकताना जसे अडखळायचे तसे ते पाण्यावर अडखळत होते, आणि बघणारे आम्ही दोघंच होतो, एवढंच बरं. पावसाळ्यात धरण भरलं, गाळ खोल गेला, यंत्र मुकं झालं. कधीतरी भाऊंचा डावा हात नवी रीत शिकला. मधूनमधून वहिनी चाक धरायच्या; त्यांचा हात तर पहिल्यापासून बरोबरच होता.

मग एका रविवारी, खुल्या पाण्याच्या अगदी मधोमध, भाऊ म्हणाले, "मी पडलो."

माझ्या हातातून दोर सुटला. पण ते हसत होते. त्यांनी चाक वहिनींच्या हाती दिलं, सावकाश खाली बसले आणि फळ्यांवर आडवे झाले. टोपी तोंडावर ठेवली. "मी पडलो आहे. मला... घरी ने. आणि तू," टोपीखालून मला, "फक्त दोर. एक शब्द... बोलायचा नाही."

तालीम. हे खरं तर माझं क्षेत्र. पण इतकी भयंकर तालीम मी कधी केली नव्हती. वहिनींनी दोन्ही हातांनी चाक धरलं. पदर खोचलेला, ओठ घट्ट. वारा बाजूने होता. त्यांनी होकायंत्राकडे पाहिलं, मग बाभळीकडे, मग माझ्याकडे. मी ओठ मिटून दोर धरला. होडी कलली तेव्हा त्या "अहो" म्हणाल्या. टोपीखालून उत्तर आलं नाही. पडलेला माणूस बोलत नाही. त्यांनी चाक थोडं फिरवलं, होडी सरळ झाली. काठ जवळ येत गेला, वाकडा, मग सरळ, मग जरा जास्तच सरळ. मी दोर सैल सोडला, आणि होडी चिखलात शिरून हळूच थांबली. टेकवायची होती तिथून बरीच लांब, पण काठावर.

"आले," वहिनी म्हणाल्या. "उठा आता."

भाऊ उठले नाहीत.

"अहो. झालं. उठा."

टोपी हलली नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या चाक सोडून खाली वाकल्या, टोपी बाजूला केली. भाऊंचं तोंड किंचित उघडं होतं. एक लहानसा, समाधानी घोरण्याचा आवाज आला.

त्यांना झोप लागली होती.

वहिनींनी टोपी परत त्यांच्या तोंडावर ठेवली, उन्हासाठी. मग त्या उठून पुन्हा चाकामागे गेल्या आणि दोन्ही हातांनी ते धरून उभ्या राहिल्या. होडी चिखलात रुतलेली होती, कुठेही जाणार नव्हती. मी म्हणालो, "वहिनी, सोडा आता."

"थांबा हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यांना झोपू द्या थोडं."